नातवंडांचा इतिहास, आजी-आजोबांचा श्रवणयोग



दिवाळीची सुट्टी संपून पूर्वपरीक्षा जवळ येऊ लागली, की माझ्या दवाखान्यातील तक्रारींचे स्वरूप थोडे बदलते. रक्तदाब तपासून घेण्यासाठी आलेल्या आजी म्हणतात, "डॉक्टर, माझं राहू द्या, नातीचं बघा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते." विचारपूस केल्यावर कळते, की नात बारावीला कला शाखेत आहे आणि तिची झोप उडवणारा विषय इतिहास आहे. त्यावर सोबत आलेले कोणीतरी हमखास उद्गारते, "इतिहासात एवढं काय अवघड? नुसतं पाठ तर करायचं!"

या वाक्याने मुलांचे किती नुकसान होते, याची आपणांस कल्पना नसेल. बारावीचे इतिहासाचे पुस्तक एकदा हाती घेऊन पाहा. युरोपातील प्रबोधनापासून आरंभ होऊन वसाहतवाद, महायुद्धे, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध असे टप्पे घेत ते बदलत्या भारतापर्यंत येते. लेखी परीक्षेत 'टिपा लिहा' असते, त्याचप्रमाणे 'विधान सकारण स्पष्ट करा' आणि 'तुमचे मत नोंदवा' हेही असते. मत नोंदवायचे, तर ते आधी बनवावे लागते. पाठ केलेल्या सनावळ्या तेथे फारशा उपयोगी पडत नाहीत. बोर्ड कोणतेही असो, वरच्या इयत्तांतील इतिहास हा कार्यकारणभाव समजून घेण्याचा विषय आहे, आणि म्हणूनच तो कठीण आहे.

आता वैद्यकाच्या अंगाने पाहू. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचले, की मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि 'मला हे येते' असा भास होतो. परंतु ओळखणे आणि आठवणे या मेंदूच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बोलका आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने पुस्तक मिटून जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. एका आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी होत नसते, हे आपण जाणतोच.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. सायंकाळी दूरदर्शन संच बंद करून वीस मिनिटे नातवंडाला समोर बसवा. त्याने पुस्तक मिटावे आणि त्या दिवशी वाचलेला भाग आपणांस सांगावा. आपण ऐकावे. आपणांस इतिहास येत नसला तरी बिघडत नाही. किंबहुना ज्याला ठाऊक नाही त्याला समजावून सांगताना सांगणाऱ्याचाच पाया पक्का होतो. तोच भाग तीन-चार दिवसांनी आणि पुढे पंधरवड्याने पुन्हा सांगायला लावावा. अंतर ठेवून केलेली उजळणी एका रात्रीतल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक काळ टिकते.

ऐकताना चार प्रश्न जवळ बाळगा. हे का घडले? त्याआधी काय स्थिती होती? त्यामुळे पुढे काय बदलले? आणि हे आपणांस कोणी सांगितले, त्याचा त्यात काय स्वार्थ होता? हा चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. साधनांची चिकित्सा म्हणतात ती येथूनच सुरू होते. सनावळी चुकली तर लगेच टोकू नका. सांगणे पूर्ण होऊ द्या, मग दोघांनी मिळून पुस्तकात पाहा.

पुस्तकातील धडा दूरचा वाटत असेल, तर त्याला आपल्या परिसरात आणून ठेवा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली उपनगरे ज्या भूमीवर वसली आहेत, ते साष्टी बेट. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना दिला, त्यात हे बेटही गेले. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ते जिंकले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ते घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिले. वसाहतवाद आणि मराठे हा प्रकरणाचा विषय, म्हणजे आपल्या इमारतीखालच्या जमिनीचीच हकिकत आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात जाऊन पाहा. शैव लेणे, त्याचेच पोर्तुगिजांनी केलेले चर्च आणि शेजारी त्यांच्या मठाचे भग्न अवशेष, असे सारे एकाच ठिकाणी दिसते. गुडघे साथ देत असतील, तर एखाद्या रविवारी सकाळी ऊन चढण्यापूर्वी नातवंडासह अवश्य जाऊन यावे. ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसल्यावर त्याला विचारा, १६ एप्रिल १८५३ रोजी याच वाटेने पहिली आगगाडी गेली, ती इंग्रजांनी कोणासाठी आणि कशासाठी आणली असेल? उत्तरासाठी त्याला विचार करावा लागेल, आणि आपल्याला तेच हवे आहे.

याखेरीज आपण स्वतः साक्षीदार आहात. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्यांनी १ मे १९६० चा महाराष्ट्र राज्याचा जन्म शाळकरी वयात पाहिला आहे. १९७२ चा दुष्काळ, १९७५ ची आणीबाणी आणि १९८२ चा गिरणी संप आपण तरुणपणी अनुभवले. साधारणपणे दहा ते तीस वर्षे या वयातील आठवणी उतारवयात सर्वाधिक ठळक राहतात. नातवंडांच्या पुस्तकातील काही प्रकरणे आपल्या त्याच वयाशी येऊन मिळतात.

मात्र साक्षीदाराने न्यायाधीश होऊ नये. घाटकोपरचे एक निवृत्त गिरणी कामगार माझ्याकडे मधुमेहाच्या उपचारांसाठी येतात. ते नातीला ठामपणे सांगत, "संप वर्षभरात संपला, मी स्वतः कामावर गेलो होतो." नातीच्या टिपणांत होते, की १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला हा संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. घरात वाद झाला, आजोबा रुसले, बोलेनासे झाले. मी त्यांना एवढेच म्हटले, "आपण कामावर परतलात. आपले शेजारी परतले का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही. तो गावी गेला तो गेलाच." पुढच्या भेटीत त्यांनी सांगितले, की हे त्यांनी नातीलाही सांगितले आणि तिने ते वहीत उतरवून घेतले. आजोबांची आठवण खोटी नव्हती. ती एका माणसाची होती. आठवण दर वेळी सांगताना थोडी बदलते, हा मेंदूचा स्वभावच आहे. आपली हकिकत आणि पुस्तक यांत फरक पडला, तर तो फरक का पडला हेच मुलांना शोधू द्यावे.

आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी चार शब्द. घरातील ज्येष्ठांना कमी ऐकू येत असेल, तर श्रवणयंत्र लावूनच बैठक सुरू करा. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीची परीक्षा घेऊ नका. "साल कोणतं, सांगा बघू" असे विचारण्याऐवजी जुना फोटो किंवा शिधापत्रिका हाती देऊन ती बोलेल ते ऐका. स्मृतीतील रिकाम्या जागा मन आपोआप भरून काढते. त्याला खोटेपणा समजून खोडू नका. फाळणीत घर सोडून मुलुंडला आलेल्या किंवा दंगली पाहिलेल्या व्यक्तीला त्या आठवणी नको असतील, तर विषय तेथेच सोडा. अशा गप्पांनी स्मृतिभ्रंश बरा होत नाही, परंतु 'माझे कोणीतरी ऐकते आहे' हे समाधान औषधाच्या यादीत बसत नाही म्हणून कमी मोलाचे ठरत नाही. रोजच्या या बैठकीत ज्येष्ठ व्यक्ती काही मिनिटांतच तोच प्रश्न पुन्हा विचारते, नेहमीचा हिशेब चुकवते किंवा ओळखीच्या रस्त्यावर गोंधळते असे लक्षात आले, तर 'वय झाले' म्हणून सोडून न देता आपल्या डॉक्टरांना सांगा. थायरॉइड किंवा बी-१२ च्या कमतरतेसारखी उपचार करता येण्याजोगी कारणे त्यामागे असू शकतात.

आणि झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम मेंदू झोपेतच करतो. नात जागते म्हणून तिला रात्री बारा वाजता चहा करून देणाऱ्या आजी दोघींचीही झोप मोडतात. सायंकाळनंतर चहा-कॉफी बंद, रात्री अकराच्या आत पुस्तक बंद, हा नियम प्रेमाने पाळावा.

मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्न असेल, जेवण टाळत असेल, मित्रांना भेटणे सोडले असेल किंवा 'माझा काही उपयोग नाही' असे बोलू लागले असेल, तर अभ्यास बाजूला ठेवा. जीव नकोसा वाटतो का, हे थेट आणि शांतपणे विचारा. विचारल्याने तसे विचार मनात शिरत नाहीत. उलट मूल मोकळे होते. 'टेलि-मानस' ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

गुण किती मिळतील, हे मी सांगू शकत नाही. परंतु कला शाखा निवडली म्हणून घरात टोमणे ऐकणाऱ्या मुलाला रोज वीस मिनिटे आदराने ऐकणारे एक माणूस मिळाले, तर त्याचा अभ्यास नक्कीच हलका होतो. ते माणूस होण्यासाठी पदवी लागत नाही. आज सायंकाळी औषधे घेऊन झाली, की हाक मारा आणि म्हणा, "बाळा, आज काय वाचलंस ते मला सांग बघू."