पडला तोच जिंकला!

टोकियो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी कुमितेचा, म्हणजे कराटेतील समोरासमोरच्या झुंजीचा अंतिम सामना चालू होता. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे होता. इतक्यात त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेला अशी बसली की तो बेशुद्धच पडला. सुवर्णपदक मात्र गंजजादेला! या खेळात फटका आवरावा लागतो. जोर जास्त झाला की खेळाडू बाद.

अशा सरावाने नजर आणि चपळाई येते, यात शंका नाही. पण गुण मिळताच थांबायची सवयही अंगी मुरते. रस्त्यावरचा गुंड थांबत नाही, तो कॉलर धरतो. मुलीला क्लासला घालताना भिंतीवरची पदके मोजण्यापेक्षा पकड सोडवायला शिकवतात का, ते विचारलेले बरे.