वेळेवर सांगणे म्हणजे लाड नव्हे



‘महाविद्यालयात आल्यावर सूचनाफलक पाहणे हे विद्यार्थ्याचेच काम’ हे एका पत्रलेखकाचे मत पटले नाही. लोणार, मेहकरहून एसटीने बुलढाण्याला येणाऱ्या प्रथम वर्षाच्या मुलाला प्रात्यक्षिक रद्द झाल्याचे प्रयोगशाळेच्या दाराशी कळते, तेव्हा त्याचा अख्खा दिवस वाया जातो. रसायनशास्त्रात पूर्वसूचना हा अभ्यासाचाच भाग आहे. उद्या टायट्रेशन आहे हे आदल्या दिवशी कळले, तर फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक आम्लात रंगहीन आणि लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यात गुलाबी का, हे मूल वाचून येईल. नाहीतर ते शेजाऱ्याचे ब्युरेटचे आकडे उतरवेल. प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक, अंतर्गत गुणांची विभागणी आणि जर्नल तपासणीची तारीख सत्रारंभी लेखी द्यावी. बदल झाल्यास आदल्या संध्याकाळपर्यंत कळवावा. त्यानंतर जबाबदारी विद्यार्थ्याची.

– एक पालक, लोणार (जि. बुलढाणा)