निसर्ग निर्दोष नसतो : क्वॅम्बीचा कडा आणि चार तंतुवाद्यांची साक्ष

१/
निसर्गावर रचलेले संगीत म्हणजे इतिहासापासून घेतलेली सुट्टी, असा एक समज आपल्यात रुजला आहे. डोंगर, समुद्र, पाऊस यांच्या नावाची सुरावट लावावी, डोळे मिटावेत आणि युद्धे, कायदे, सनावळ्या दाराबाहेर ठेवाव्यात. सामान्य श्रोत्याला हे क्षम्य आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला नाही. हा थ्रेड त्या समजाविरुद्ध आहे. साक्षीला एक कडा आणि चार तंतुवाद्ये आहेत.

२/
कडा आहे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटावरचा. बेटाच्या उत्तर भागात, वेस्टबरी या गावामागे, क्वॅम्बी ब्लफ नावाचा सुमारे १२०० मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. पदभ्रमण करणाऱ्यांसाठी ती एक रम्य चढण. संगीताच्या जगात त्याचे नाव पोहोचले ते १९९८ मध्ये, पीटर स्कल्थॉर्प या ऑस्ट्रेलियन संगीतकाराच्या चौदाव्या स्ट्रिंग क्वार्टेटमुळे. त्या रचनेचे नावच ‘क्वॅम्बी’.

३/
अपरिचितांसाठी थोडे स्पष्टीकरण. चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांचे संगीत. एका भागाला एकच वादक आणि समोर कंडक्टर नाही. स्ट्रिंग क्वार्टेट हा त्याचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार : दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. १८व्या शतकातील युरोपात तो आकाराला आला. मूळचा दिवाणखान्यातला. त्याला डोंगरदऱ्यांत नेण्याचे काम २०व्या शतकातील अनेक रचनाकारांनी केले.

४/
कॅनडाच्या मरे शेफर यांनी १९७६ च्या ‘वेव्ह्ज’ या क्वार्टेटची लय समुद्राच्या लाटांमधील अंतरावर बेतली. अमेरिकेच्या जॉन ल्यूथर ॲडम्स यांच्या २०११ च्या ‘द विंड इन हाय प्लेसेस’मध्ये वादक एकदाही तार पट्टीवर दाबत नाहीत, मोकळ्या तारा आणि नैसर्गिक स्वरांश एवढ्यावरच सारी रचना तरंगते. या कृती सुंदर आहेत. माझे भांडण कृतींशी नाही, त्या ‘कालातीत’ म्हणून ऐकण्याच्या रीतीशी आहे.

५/
स्कल्थॉर्प यांचा जन्म १९२९ चा, टास्मानियातील लाँसेस्टनचा. मृत्यू २०१४ चा. युरोपच्या छायेतून बाहेर पडून ऑस्ट्रेलियाच्या भूमीचा स्वतःचा ध्वनी शोधणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांच्या रचनांत व्हायोलिन-चेलोच्या तारांवरून बोट सरकवत काढलेले पक्ष्यांचे आवाज येतात, दीर्घकाळ स्थिर राहणारे खर्जाचे स्वर येतात. ‘ऑस्ट्रेलियन भूदृश्याचा संगीतकार’ हे बिरुद त्यांना चिकटले ते यामुळे.

६/
१९५५ मध्ये त्यांनी एकट्या व्हायोलिनसाठी ‘इरकांडा १’ लिहिले. कॅनबेराभोवतीच्या टेकड्यांची क्षितिजरेषा त्यांनी सुरावटीच्या चढ-उतारात उतरवली. ‘इरकांडा’ हा आदिवासी भाषेतला शब्द त्यांनी ‘दूरचे, एकाकी स्थान’ या अर्थाने घेतला. येथे थांबून विचारायला हवे : एकाकी कुणासाठी? कॅनबेरा ज्या भूमीवर वसले ती न्गुनवाल लोकांची. त्या टेकड्यांना नावे होती, वाटा होत्या, माणसे होती. सुरावटीत टेकड्या आल्या, माणसे आली नाहीत.

७/
हा योगायोग मानता येत नाही. ब्रिटिश राजसत्तेने ऑस्ट्रेलियात आदिवासींशी एकही तह मान्य न करता भूमी ताब्यात घेतली. या कृतीला पुढे ज्या कल्पनेचा आधार मिळाला ती ‘टेरा नलियस’, म्हणजे कुणाच्याही मालकीची नसलेली भूमी. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कल्पना ‘माबो’ खटल्यात नाकारली ती ३ जून १९९२ रोजी. ‘इरकांडा १’ लिहिले गेले तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ती भूमी अजून रिकामीच होती.

८/
संगीतकाराने कायदा केला नाही, हे मान्य. तथापि कायद्याने रिकाम्या ठरवलेल्या भूमीला संगीताने एकाकी म्हणावे, आणि श्रोत्यांनी त्या एकाकीपणाला निसर्गाचा गुणधर्म समजावे, यात एक साखळी आहे. भूमी एकाकी जन्मत नाही. ती एकाकी केली जाते. ती कुणी केली आणि केव्हा, हे विचारणे आपल्या विषयाचे काम आहे.

९/
टास्मानियात हे कसे घडले ते पाहा. १८०३ मध्ये ब्रिटिश वसाहत सुरू झाली. तेव्हा बेटाचे नाव व्हॅन डीमेन्स लँड. १८२० च्या दशकात मेंढपाळीसाठी गवताळ प्रदेश बळकावले गेले आणि संघर्ष पेटला. इतिहासात तो ‘ब्लॅक वॉर’ म्हणून ओळखला जातो. नोव्हेंबर १८२८ मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज आर्थर यांनी लष्करी कायदा पुकारला. १८३० मध्ये सैनिक, कैदी आणि वसाहतवासी मिळून सुमारे २२०० माणसांची रांग आदिवासींना हाकलण्यासाठी बेटावरून चालवण्यात आली.

१०/
ही ‘ब्लॅक लाइन’ तत्काळ फळली नाही. दोन जण पकडले गेले, दोन मारले गेले. त्यानंतर समजावणीच्या आणि आश्वासनांच्या वाटेने उरलेल्यांना फ्लिंडर्स बेटावर नेण्यात आले. तेथील वायबालेना वस्तीत रोगराईने माणसे मरत गेली. १८४७ मध्ये परत आणली गेलेली माणसे ४७. टास्मानियाचे आदिवासी ‘संपले’ हा पुढचा प्रचार मात्र खोटा आहे. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत आणि आपला हक्क मांडत आहेत.

११/
आता क्वार्टेटकडे. स्कल्थॉर्प यांनी या रचनेमागची कथा स्वतः सांगितली आहे. लहानपणी वडिलांकडून त्यांनी ऐकले होते, की वसाहतीच्या प्रारंभी सैनिकांनी आदिवासींचा एक समूह या कड्याच्या टोकापर्यंत रेटत नेला. गोळी किंवा उडी, एवढाच पर्याय ठेवला. उडी घेणारे ‘क्वॅम्बी, क्वॅम्बी’ असे ओरडले, अर्थ, वाचवा. टकमक टोकावर उभे राहताना आपण नुसता वारा ऐकत नाही, कडेलोट शब्द आपोआप आठवतो. टास्मानियातील त्या मुलासाठी हा कडा तसाच झाला होता.

१२/
या कथेतला महत्त्वाचा तपशील कड्यावर नाही, घरात आहे. १९३० च्या दशकात एक गोरा बाप आपल्या मुलाला ही गोष्ट सांगत होता. मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९६८ च्या रेडिओ व्याख्यानांत ‘द ग्रेट ऑस्ट्रेलियन सायलेन्स’ ही संज्ञा मांडली. देशाच्या इतिहासलेखनातून आदिवासी गळाले ते विसराळूपणाने नव्हे, खिडकीच अशी बसवली होती की भूदृश्याचा तेवढा भाग दिसू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

१३/
दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. सार्वजनिक इतिहासात मौन, घरात गोष्ट. म्हणजे ते मौन अज्ञानाचे नव्हते. लोकांना कुठलीतरी भीषण आठवण ठाऊक होती. ती ग्रंथात येत नव्हती इतकेच. ‘क्वॅम्बी’ हे क्वार्टेट या दुभंगाचा दस्तऐवज आहे. ज्या वडिलांच्या स्मरणार्थ स्कल्थॉर्प यांनी १९६१ मध्ये ‘इरकांडा ४’ रचले, त्यांचीच ही कथा रचनेच्या शीर्षकावर यायला १९९८ उजाडले. मधल्या काळात काय बदलले? माबोचा निकाल मधल्या काळातलाच आहे.

१४/
येथे एक नेमका आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ही तर दंतकथा, पुरावा कुठे? २००२ मध्ये कीथ विंडशटल यांनी टास्मानियावरील पुस्तकात असाच पवित्रा घेतला : कत्तलींच्या अनेक नोंदींना कागदाचा आधार नाही, इतिहासकारांनी त्या फुगवल्या. पुढच्याच वर्षी रॉबर्ट मॅन यांनी संपादित केलेल्या ‘व्हाइटवॉश’ या संग्रहातून त्याला उत्तर दिले गेले. ऑस्ट्रेलियातील ‘इतिहासयुद्धे’ ती हीच.

१५/
माझी भूमिका स्पष्ट आहे. वडिलांनी मुलाला सांगितलेल्या गोष्टीवरून त्या कड्यावर अमुक दिवशी अमुक घडले, असे सिद्ध होत नाही. तसा दावा करणारा विद्यार्थी परीक्षेत नापासच व्हावा. मात्र ‘कागद नाही म्हणून घटना नाही’ हा नियमही तेवढाच पोकळ आहे. दुर्गम रानात बंदूक, लेखणी आणि दप्तर एकाच पक्षाच्या हाती असताना निर्दोष कागदाची अट कुणाच्या सोयीची असते, हे सांगायला हवे काय?

१६/
साधनाला योग्य प्रश्न विचारणे ही आपल्या शिस्तीची पहिली पायरी. ‘क्वॅम्बी’ला १८२० च्या दशकाबद्दल विचारू नका, ते साक्षीदार नाही. त्याला १९३० च्या दशकातील घरगुती स्मृतीबद्दल आणि १९९० च्या दशकातील अपराधभावनेबद्दल विचारा. तेथे ते अव्वल दर्जाचे साधन आहे. पोवाडा आणि बखर वाचताना आपण हा भेद सहज करतो. तारांवरच्या संगीताला तेवढाच मान का नाकारावा?

१७/
साधन म्हटले की त्याची उलटतपासणीही आली. वडिलांच्या कथेतले आदिवासी केवळ याचना करतात आणि मरतात. ब्लॅक वॉर मात्र युद्ध होते. त्यात सुमारे २०० वसाहतवासीही मारले गेले, म्हणूनच सरकारला २२०० माणसे उभी करावी लागली. स्थानिक इतिहासात क्वॅम्बी हे एका आदिवासी नेत्याचे नाव म्हणूनही सांगितले जाते. प्रतिकार करणाऱ्याचे नाव दयेच्या आरोळीत बदलावे, हे विजेत्यांच्या पश्चात्तापाचे खास लक्षण आहे. पश्चात्तापालाही बळी असहायच हवा असतो.

१८/
दुसरी त्रुटी ध्वनीतली. स्कल्थॉर्प यांची काही क्वार्टेट्स, ‘क्वॅम्बी’सह, डिजेरिडूच्या साथीने वाजवली आणि ध्वनिमुद्रित केली गेली. परिणाम थरारक होतो. या वाद्याचा मूळ स्वर त्याच्या लांबीने ठरतो, त्यामुळे चार युरोपीय वाद्यांना त्याच्या सुराचा अंमल मानावा लागतो. पण डिजेरिडू हे उत्तर ऑस्ट्रेलियाचे वाद्य, टास्मानियाचे नव्हे. त्यांनी पुन्हा पुन्हा वापरलेली ‘जिलिले’ ही चालही उत्तरेकडील आर्नहेम लँडची. एका प्रदेशाचे दुःख दुसऱ्या प्रदेशाच्या आवाजात मांडले, की शेकडो समाजांचा एकच ‘आदिवासी’ उरतो.

१९/
मग हे संगीत टाकून द्यावे? बहिष्काराची ही घाई मला आळसाचेच दुसरे रूप वाटते. टाकून दिलेल्या साधनाची चिकित्सा होत नसते. बदल घडतो तो वेगळ्या मार्गाने. कल्काडुंगा समाजातील विल्यम बार्टन स्कल्थॉर्प यांच्या रचनांत डिजेरिडू वाजवत आले. ते स्वतः रचनाकारही आहेत आणि स्ट्रिंग क्वार्टेटसाठीही लिहितात. क्रिस्टोफर सेन्सबरी यांनी २०१६ मध्ये आदिवासी रचनाकारांसाठी ‘न्गारा-बुरिया’ हा उपक्रम सुरू केला. भूदृश्याच्या खिडकीतून पाहणारे आता त्या भूदृश्यातलेच आहेत.

२०/
शेवटचा आक्षेप : संगीताला अर्थ नसतो, स्वर ते स्वर, त्यांच्यावर इतिहास लादू नका. उत्तर सोपे आहे. ‘क्वॅम्बी’ हे नाव मी दिलेले नाही, रचनाकाराने दिले आहे. ‘एकाकी स्थान’ हा अर्थही त्यानेच सांगितला आहे. जी कृती स्वतःच्या कपाळावर भूमीचे नाव लिहून येते, तिला त्या भूमीचा सातबारा विचारणे हा अत्याचार नव्हे. ती ऐकणाऱ्याची जबाबदारी आहे.

२१/
म्हणून विनंती एवढीच. यापुढे एखाद्या निसर्गरचनेच्या परिचयात ‘अस्पर्श’, ‘निर्जन’, ‘आदिम शांतता’ असे शब्द दिसले, तर नकाशा उघडा. त्या जागेचे जुने नाव शोधा, ते कुणाच्या भाषेतले आहे ते पाहा, आणि ती जागा निर्जन केव्हा झाली याचे वर्ष लिहून काढा. मग रचना पुन्हा ऐका.

२२/
‘क्वॅम्बी’चे चार भाग आहेत. प्रास्ताविकानंतर दरी येते, उंच टेकड्या येतात आणि शेवटी कडा. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा वारा आणि पक्षी ऐकू येतील. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा ही चढण कुठे जाते ते तुम्हाला ठाऊक असेल, आणि दरीतल्या त्या शांततेवर पूर्वीसारखा विश्वास बसणार नाही. तो बसू नये, यासाठीच तर आपण इतिहास शिकतो. मतभेद असतील तर खाली अवश्य मांडा. मात्र रचना ऐकून.