शांतता समितीत पीडितांना जागा हवी

दंगल शमली की शांतता प्रस्थापित झाली, असा शासनाचा समज असतो. जमावबंदी उठते, पंचनामे होतात, पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. तेथे सरपंच, व्यापारी व पक्षोपक्षांचे पुढारी बसतात. ज्याचे घर जळाले, तो मात्र दाराबाहेर उभा असतो.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे २०१७ च्या डिसेंबरअखेर गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळील फलकावरून तणाव निर्माण झाला. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा व सणसवाडी परिसरात हिंसाचार उसळला. घरे, दुकाने, वाहने जळाली, एका तरुणाचा बळी गेला. न्या. जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला व त्याला वारंवार मुदतवाढ मिळाली. बेघर कुटुंबांपुढील प्रश्न मात्र निकडीचा होता : निवारा कोठे, आणि परतल्यावर शेजारी बोलेल काय? दौंड तालुक्यात यवत येथे १ ऑगस्ट २०२५ रोजी समाजमाध्यमावरील एका मजकुराच्या निमित्ताने जाळपोळ झाली, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

गावचा तंटा गावानेच मिटवावा, ही कल्पना नवी नाही. २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम तिच्यावरच आधारलेली होती. परंतु गाव म्हणजे कोण? खेड्याच्या गौरवीकरणावर डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत कठोर प्रहार केला होता. तो विसरून सारे ‘गावाच्या’ स्वाधीन करणे म्हणजे बळवंतांच्या स्वाधीन करणे होय. ग्रामसभेचे सदस्यत्वही मतदारयादीवर ठरते. कारखान्यात राबणारा परगावचा भाडेकरू कामगार किंवा हंगामापुरता आलेला ऊसतोड मजूर त्या यादीत बहुधा नसतो. त्याने गाव सोडले, तर त्याला परत बोलावणारा कोणी नसतो.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. पुनर्वसन समितीत निम्म्या जागा पीडितांना, त्यांतही स्त्रियांना व यादीबाहेरच्या श्रमिकांना मिळाल्या पाहिजेत. नुकसानीची यादी ग्रामसभेत जाहीर वाचली जावी. समेट अवश्य व्हावा. मात्र तो फौजदारी खटल्याला पर्याय ठरू नये, कारण न्यायाविना झालेला समेट म्हणजे दुबळ्याची शरणागतीच असते.

कार्यकर्त्यांनी शांतता समितीच्या बैठकीला जरूर जावे. पण त्याआधी जळालेल्या घराच्या उंबऱ्यावर जावे, आणि त्या घरातील माणसाला सोबत घेऊनच बैठकीत शिरावे.