पट्टी आधी उसाच्या फडावर

बीसीजीची सुई खुपसायची नसते, सरकवायची असते. बाळाचा डावा दंड मुठीत धरून कातडी ताणायची, सुईचं तोंड वर ठेवून ती जवळजवळ आडवी आत घालायची आणि दट्ट्या हळूच दाबायचा. मुगाच्या डाळीएवढा पांढरट फुगा आला की साधलं. नाही आला तर सुई खोल गेली. शिरूर कासार आणि पाटोद्याकडे आरोग्यसेविका म्हणून तीस वर्षं काढली. असे फुगे किती उठवले, हिशेब नाही. महिनाभरानं आया यायच्या, "बाई, लेकराचं टोचलेलं पिकलंय हो." मी म्हणायची, "पिकू दे, काही लावू नको."

म्हणून 'आता लस कातडीतून' असं कुणी नवलानं सांगितलं की मला हसू येतं. माझ्या आजीच्या दंडावर देवीच्या टोचणीचे दोन गोल व्रण होते. तीही कातडीतलीच लस. रोगाला ओळखणाऱ्या पेशींचा पहारा कातडीत दाट असतो, त्यामुळे तिथं थोडक्यात काम भागतं. 2016 पासून पोलिओची सुई आपण अशीच देऊ लागलो, 0.5 मिलीऐवजी 0.1 मिली. कुत्रं चावल्यावरची लसही कातडीत देता येते, आणि एका बाटलीत जास्त माणसं निभतात.

2021 मध्ये झायडसची करोना लस आली, ती तर बिनसुईची. यंत्रातून लशीची बारीक धार कातडीत जायची. महाराष्ट्रात त्यासाठी नाशिक आणि जळगाव निवडले होते. डोस 265 रुपयांचा, वर यंत्राचे 93. आणि डोस तीन, अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांनी! आमची माणसं तीन तारखांना एका गावात सापडतील तर शपथ.

दिवाळीच्या आगेमागे इथली गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेले कोयते सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे ऊसतोडीला जातात (आमच्याकडे कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी), ते चैत्रापर्यंत. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. ज्या लेकराचे नऊ महिने डिसेंबरात भरतात, ते तेव्हा पाचटाच्या कोपीत असतं, आठ वर्षांच्या बहिणीच्या काखेत. आई पहाटेच फडात गेलेली. तिथली सिस्टर आलीच, तरी लस पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची, आणि समोर लेकरं दोन. नियम सांगतो, एका लेकरासाठीही बाटली फोडा. पण वाया गेलेल्या डोसांचा जाब मलाही एकदा भर बैठकीत द्यावा लागला होता. त्यानंतर बाटली फोडताना हात अडखळायचा, खोटं कशाला बोलू?

बाटलीच लागणार नाही अशा गोवर-रुबेलाच्या पट्टीची चाचणी गाम्बियात लहान मुलांवर झाली, निकाल 2024 मध्ये आले. डोळ्यांना जेमतेम दिसणारे काटे असलेली ही पट्टी मनगटावर दाबून काही मिनिटं ठेवायची. लस कातडीत विरघळते. सुईनं दिलेल्या लशीच्या तोडीची प्रतिकारशक्ती त्या मुलांत दिसली. ही चाचणी लहान होती, मोठ्या व्हायच्यात. पण कालवणं नाही, बाटली नाही, वापरलेल्या सुया नाहीत आणि मुख्य म्हणजे माझ्यासारखा बीसीजीवर बसलेला हात लागत नाही.

शहरात या पट्टीचं कौतुक 'बाळ रडत नाही' म्हणून होईल. रडू दे की, दोन मिनिटांत गप्प होतं. माझं म्हणणं एवढंच, की पट्टी आपल्याकडे येईल तेव्हा तिची पहिली परीक्षा मोठ्या दवाखान्यात नको, कारखान्याच्या कोप्यांवर घ्या. लेकरू ती उपटून तोंडात घालेल, म्हणून पट्टी हातावर आहे तेवढा वेळ कुणीतरी शेजारी बसायला हवं. फडावर कोण बसणार, हे तिथंच कळेल. तोडीला आलेल्या बायांतलीच एखादी शिकवून तयार करता येईल.

आणि फुगा नाही, व्रण नाही, तर लस मिळाली हे गावी परतल्यावर सिस्टरला कशावरून कळणार? कार्ड तर बहुतेक वेळा घरी, पत्र्याच्या पेटीत कुलपात असतं.