नोंदवही फुकट, तिची राखण कोण करणार?

डिसेंबर २०२३मध्ये ‘एव्हरनोट’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या नोंदवही-सेवेने फुकट खातेदारांवर मर्यादा घातली: एक वही आणि जास्तीत जास्त ५० नोंदी. जुन्या नोंदी पुसल्या गेल्या नाहीत. त्या वाचता येत होत्या, बाहेरही काढून घेता येत होत्या. पण मर्यादा ओलांडून नवी नोंद लिहायची तर पैसे मोजणे भाग होते. कंपनीचे चुकले असे म्हणता येत नाही. सर्व्हर तिचा, वीजबिल तिचे, कर्मचाऱ्यांचे पगारही तिलाच द्यायचे. मात्र औषधांच्या मात्रा, तपासण्यांचे आकडे, प्रबंधाची टिपणे वर्षानुवर्षे तिथे साठवणाऱ्यांना एक गोष्ट लख्ख कळली. वही स्वतःची नव्हती, भाड्याची होती.

स्वतःच्या मालकीची वही हवी असणाऱ्यांसाठी एक पर्याय वीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे: मुक्तस्रोत वैयक्तिक विकी. ‘विकी’ म्हणजे एकमेकींना दुव्यांनी जोडलेली, वाचता वाचता बदलता येणारी पाने. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५मध्ये पहिली विकी सुरू केली. विकिपीडिया हे तिचेच सर्वांत मोठे अपत्य. वैयक्तिक विकीत हीच सोय एका माणसासाठी असते. ‘मधुमेह’ या नोंदीतून औषधाच्या नोंदीकडे, तिथून डॉक्टरांच्या भेटीच्या तारखेकडे एका क्लिकने जाता येते.

या प्रकारातले जुने आणि ठळक उदाहरण म्हणजे ‘टिडलीविकी’. ब्रिटिश प्रोग्रॅमर जेरेमी रस्टन यांनी ती सप्टेंबर २००४मध्ये लोकांपुढे ठेवली. तिची रचना विलक्षण साधी आहे. संपूर्ण वही म्हणजे एकच एचटीएमएल फाइल. नोंदीही तिच्यातच आणि त्या दाखवणारा, शोधणारा, बदलणारा कोडही तिच्यातच. फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, कोणत्याही संगणकावर ब्राउझरमध्ये उघडा, काम सुरू. खाते नको, पासवर्ड नको, इंटरनेटही नको. कोड खुला आहे आणि त्याचे हक्क ‘उनामेसा’ या ना-नफा संस्थेकडे आहेत. उद्या कोणी ती विकत घेऊन कुलूप लावील, ही भीती त्यामुळे जवळजवळ उरत नाही.

मग अडचण कुठे आहे? ती ‘सेव्ह’ या एका शब्दात आहे.

जतन करण्याची कसरत

वेबपानाने वापरकर्त्याच्या डिस्कवर परस्पर काही लिहू नये, हा ब्राउझरच्या सुरक्षेचा पाया आहे आणि तो योग्यच आहे. नाहीतर कोणतेही संकेतस्थळ उघडताच ते घरातल्या संगणकाच्या फायलींत ढवळाढवळ करू शकले असते. पण टिडलीविकी हे वेबपानच आहे आणि तिला तर स्वतःलाच पुन्हा लिहायचे असते. सुरुवातीच्या काळात फायरफॉक्समध्ये यासाठी एक खास परवानगी मिळत असे. ती सोय काढली गेल्यावर ‘टिडलीफॉक्स’ या जोडणीने ती जागा भरून काढली. नोव्हेंबर २०१७मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली, जुन्या धाटणीच्या सगळ्या जोडण्या एका फटक्यात बंद झाल्या आणि टिडलीफॉक्सही त्यात गेली. वहीत कसलाही दोष निर्माण झाला नव्हता; ज्या जमिनीवर ती उभी होती ती जमीन सरकली.

आज पर्याय अनेक आहेत, पण प्रत्येकाची काही ना काही किंमत आहे. काहीच न बसवता सेव्ह केले, तर ब्राउझर दरवेळी फाइलची नवी प्रत ‘डाउनलोड्स’मध्ये टाकतो, आठवडाभरात एकाच नावाच्या, पुढे आकडे लागलेल्या डझनभर फायली जमतात आणि त्यांतली ताजी कोणती हे शोधत बसावे लागते. ‘टिडलीडेस्कटॉप’ हे स्वतंत्र अ‍ॅप थेट जागच्या जागी सेव्ह करते, मात्र ते प्रत्येक संगणकावर बसवावे लागते. नोड-जेएस वापरून घरच्या संगणकालाच छोटा सर्व्हर बनवता येते, पण ते सरावलेल्यांचे काम. ‘टिडलीहोस्ट’सारख्या सेवेवर वही ठेवली की कुठूनही उघडते, पण मग वही पुन्हा दुसऱ्याच्या घरात गेली. क्रोमने २०२०मध्ये आणलेल्या नव्या सोयीमुळे वापरकर्त्याची परवानगी घेऊन फाइल जागेवरच बदलता येते. मात्र फायरफॉक्स आणि सफारी यांनी ती त्या स्वरूपात स्वीकारलेली नाही.

आणखी एक मार्ग वरवर सोपा दिसतो, पण तोच सर्वांत धोक्याचा आहे: नोंदी ब्राउझरच्याच पोटात ठेवणे. ‘ब्राउझिंग डेटा’ साफ केला की त्या जातात. सफारीने २०२०पासून असा नियम केला आहे की ब्राउझरच्या वापराचे सात दिवस एखाद्या संकेतस्थळाशी काही व्यवहार झाला नाही, तर त्याने साठवलेला असा मजकूर काढून टाकायचा. उद्देश जाहिरातदारांच्या पाळतीला आळा घालण्याचा आहे. झळ मात्र वहीवाल्यालाही बसू शकते.

गुण हीच अडचण

म्हणजे असे, की एकदा लिहून संपले असे सॉफ्टवेअर नसते. ब्राउझर बदलतो, फोन बदलतो, सुरक्षेचे नियम बदलतात आणि दर बदलामागे कुणाला तरी बसून कोड दुरुस्त करावा लागतो. हे श्रम करणाऱ्यांना पैसे कुठून मिळणार?

सर्व्हरवर चालणाऱ्या सेवेला हा प्रश्न कमी छळतो. नोंदी तिच्याकडे असतात, त्यामुळे दरमहा वर्गणी मागायला कारण असते आणि न दिल्यास अडवायला जागाही असते. एकाच फाइलची वही हे दोन्ही सोडून देते. ती वापरकर्त्याला अडवत नाही, म्हणूनच ती विश्वासार्ह आहे. आणि ती अडवत नाही, म्हणूनच तिच्याकडे पैसे येत नाहीत. सार्वजनिक विहिरीसारखीच ही गत: पाणी सगळे भरतात, गाळ काढायची वेळ आली की काठावर दोघे-तिघेच उरतात.

याचे परिणाम केवळ नोंदवह्यांपुरते नाहीत. एप्रिल २०१४मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा कळले की जगातले असंख्य बँक-व्यवहार ज्यावर विसंबून होते त्या ‘ओपनएसएसएल’ला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलरच देणगी मिळत होती. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या फायली आवळणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. तो प्रकल्प मुख्यतः एकच दमलेला स्वयंसेवक सांभाळत होता आणि मदतीच्या मिषाने आलेल्या अनोळखी व्यक्तीने सुमारे दोन वर्षे त्याचा विश्वास कमावला होता. निधीचा तुटवडा म्हणजे केवळ कुणाचे तरी कमी मानधन नव्हे. तो सुरक्षेतला भगदाडाचा प्रश्न आहे.

पैशाच्या वाटा

पहिली वाट मोठ्या कंपनीची. २००७मध्ये ब्रिटिश टेलिकॉमने रस्टन यांची ‘ऑस्मोसॉफ्ट’ ही छोटी कंपनी विकत घेतली. काही वर्षे पगार मिळाला, पण कंपनीचे अग्रक्रम बदलत असतात. रस्टन पुढे बाहेर पडले आणि नव्याने लिहिलेली आवृत्ती स्वतंत्रपणे उभी राहिली. आज टिडलीविकी ‘ओपन कलेक्टिव्ह’ या मंचावरून देणग्या स्वीकारते. तिथे जमाखर्च सर्वांना दिसतो.

दुसरी वाट गुंतवणूकदारांची. ‘अथेन्स’ या मुक्तस्रोत नोंदवहीने ती धरली आणि २०२२मध्ये तिचे काम थांबले. गुंतवणूकदाराला वाढ हवी असते. नोंदवहीला दीर्घायुष्य हवे असते. दोन्ही घड्याळे एका गतीने चालत नाहीत.

तिसरी वाट सोय विकण्याची. ‘जॉप्लिन’चे अ‍ॅप मुक्तस्रोत आणि मोफत आहे, अनेक उपकरणांवर नोंदी जुळवून ठेवणारी तिची क्लाउड सेवा हवी असेल तर वर्गणी. ज्याला ती नको तो ड्रॉपबॉक्स किंवा स्वतःचा सर्व्हर वापरू शकतो. ‘ऑब्सिडियन’चा कोड खुला नाही, पण तीही नोंदी साध्या मजकुराच्या फायलींत वापरकर्त्याकडेच ठेवते आणि जुळवणीचे पैसे घेते. अडवणूक न करता उत्पन्न मिळवण्याचा हा मार्ग आजवर सर्वांत टिकाऊ दिसतो.

चौथी वाट सार्वजनिक किंवा संस्थात्मक निधीची. नेदरलँड्समधील ‘एनएलनेट’ छोट्या प्रकल्पांना साधारण पाच ते पन्नास हजार युरोंची मदत देते. जर्मनीने २०२२मध्ये यासाठी ‘सॉव्हरिन टेक फंड’ उभा केला. भारतात बंगळुरूच्या ‘झिरोधा’ने ऑक्टोबर २०२४मध्ये ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला: वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, प्रत्येक प्रकल्पास दहा हजार ते एक लाख डॉलर. भारत सरकारने २०१५मध्येच सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण स्वीकारले. वापरासाठी धोरण आले, तशीच आता देखभालीसाठी तरतूदही यायला हवी. मात्र असा निधी सहसा पायाभूत सॉफ्टवेअरकडे आधी वळतो. एका माणसाच्या वहीचा नंबर रांगेत मागे लागतो.

देणग्यांची व्यवस्थाही अचल नसते. अमेरिकेत अनेक गटांचे पैसे कायदेशीररीत्या सांभाळणाऱ्या ‘ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन’ने २०२४च्या सुरुवातीस आपण बंद होत असल्याचे जाहीर केले. तिच्या आसऱ्याला असलेल्या गटांना नवे छप्पर शोधावे लागले.

वापरणाऱ्याच्या हातात काय?

वही निवडताना किमतीआधी तीन गोष्टी पाहाव्यात. नोंदी साध्या, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येतात का? सेव्ह केल्यावर फाइल नेमकी कुठे जाते? आणि प्रकल्पाला पैसे कुठून येतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पक्की असलीच पाहिजेत.

बॅकअपचा जुना नियम इथेही लागू होतो: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. आरोग्याच्या नोंदी असतील तर घराबाहेरची प्रत कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय न उघडणारी हवी. महिन्यातून एकदा ती प्रत उघडूनही पाहावी. न उघडणारा बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हेच.

आणि वही रोज उपयोगी पडत असेल, तर वर्षाकाठी एखाद्या मासिकाच्या वर्गणीइतकी रक्कम तिच्या देखभालीला द्यावी. ही दानधर्माची बाब नाही. पुढच्या वेळी ब्राउझरखालची जमीन सरकेल तेव्हा दुरुस्तीला कुणीतरी जागेवर असावे, याची ती आगाऊ तजवीज आहे.