शिफारस करणाऱ्यांनो, पान सांगा!

आपल्या साहित्यिक बैठकांत एक सोयीस्कर प्रथा रूढ झाली आहे. एखाद्या तरुणाने ‘काय वाचू?’ म्हणून विचारले, की जाणकार मंडळी भारदस्त आवाजात सांगतात, ‘आग का दरिया’. बस्स! मराठी शाळेत शिकलेल्या या मुलाला उर्दू लिपी येते का, देवनागरीतला हिंदी अनुवाद त्याला मिळेल का, तो कुठे अडेल, याची चौकशी कोणी करीत नाही. सांगणाऱ्याने ती पुरी वाचली आहे का, हेही विचारायचे नसते.

कुर्रतुलऐन हैदर यांची ही कादंबरी १९५९ साली आली. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात सुरू होऊन ती फाळणीनंतरच्या दिवसांपर्यंत येते. गौतम, चंपा, हरिशंकर, कमाल ही नावे निरनिराळ्या शतकांत पुन्हा भेटतात. माणसे मात्र नवी असतात. सरळ गोष्टीच्या अपेक्षेने आलेला वाचक श्रावस्तीच्या तत्त्वचर्चेतच थकतो आणि पुस्तक मिटून म्हणतो, ‘आपली कुवत नाही.’ कुवत नसल्याचे शिक्के आपल्या समाजावर बाहेरच्यांनी थोडे मारले आहेत का? त्यात आपण भर का घालायची?

यावर काही हितचिंतक म्हणतात, आपल्या वाचकाला सोपे, उपयोगी तेवढेच द्या. हा सल्ला आम्हाला मुळीच मान्य नाही. या कादंबरीतला कमालुद्दीन परमुलखातून येतो आणि इथल्या मातीत मुरतो. शतकांनंतर त्याच नावाचा कमाल फाळणीपुढे हतबल होऊन पाकिस्तानात जातो. हे दोघे एकाच पुस्तकात भेटतात म्हणूनच प्रश्न जिव्हारी लागतो. सोपी करायला गेलात, तर नेमका हाच प्रश्न हरवेल.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. शिफारस करणाऱ्याने आपण कितव्या पानापर्यंत पोहोचलो, कुठे अडलो, कशाच्या आधाराने पुढे गेलो, हे सांगावे. नावांची यादी जवळ ठेव म्हणावे. लखनौच्या भागापासून सुरू करून मागे आलास तरी चालेल म्हणावे. अर्धी सोडलीस तर पुढच्या वर्षी पुन्हा घे म्हणावे. खुद्द हैदर यांनी ही कादंबरी १९९८ साली बरेच बदल करून इंग्रजीत आणली. लेखिका चाळीस वर्षांनी आपल्या पुस्तकाकडे परत येते, तर वाचकाने दोनदा परतण्यात लाज कसली?

हे सांगायची तयारी नसेल, तर निदान ते नाव तरी घेऊ नका.